धनुर्धराच्या पाठीमागे

(ट्रस्टच्या महोत्सवी समारंभात कुकटपल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या दिवशी वक्त्याने संस्थेची स्तुती करावी असा प्रघात आहे. ती स्तुती आमच्याआधीच्या वक्त्यांनी केली आहे आणि ती यथार्थच आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. मास्तराला बोलावले म्हणजे तो काही तरी शिकवल्याशिवाय खाली बसत नाही, हे ठाऊक असूनही आपण आम्हांला बोलावलेत, याबद्दल आभारी आहोत. आज आम्ही धनुर्विद्येविषयी चार शब्द बोलणार आहोत. धनुष्यबाण म्हटले की लोकांना निवडणूक आठवते. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आमचा धनुष्यबाण मैदानावरचा आहे.

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली, ती गोष्ट आपणां सर्वांना पाठ आहे. झाडावर लाकडी पक्षी बसवला होता. काय दिसते, असे गुरूंनी एकेकाला विचारले. कोणाला झाड दिसले, कोणाला फांदी, कोणाला शेजारी उभे असलेले भाऊ. अर्जुनाला मात्र फक्त पक्ष्याचा डोळा दिसला. वर्गात आम्ही मास्तर मंडळी ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण तिच्यात एक प्रश्न राहून जातो. तो पक्षी झाडावर बांधला कोणी? मैदान कोणी साफ केले? त्या मुलांच्या जेवणाची काळजी कोणी वाहिली? धनुर्धराला डोळाच दिसला पाहिजे, हे खरे. पण त्याला तेवढाच दिसावा म्हणून बाकीचे सारे झाड दुसऱ्या कोणाला तरी पाहावे लागते. आजच्या आमच्या बोलण्याचा सारांश एवढाच आहे. पुढे जे सांगणार आहोत, ती त्याची उदाहरणे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. धनुष्य आणि बाण हे शब्द संस्कृताचे. तीर आणि कमान हे फारसीचे. मराठी माणूस 'धनुर्धर' म्हणतो आणि 'तिरंदाज'ही म्हणतो, आणि दोन्ही शब्द त्याला घरचेच वाटतात. आमच्या घरी वडीलधारी माणसे सांगत की, तिरंदाजीच्या सरावाला पैगंबरसाहेबांनी उत्तेजन दिले होते. आणि शाळेत गेलो तो तेथे अर्जुन भेटला. दोघांचे कधी भांडण झाले नाही. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे मराठवाड्यात आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. तेव्हा अशा मिसळीचे आपणांस नवल वाटायला नको. कमान हा शब्द तर मराठीत इतका मुरला की, हातातून निघून तो दरवाजावर जाऊन बसला. आजच्या समारंभासाठी प्रवेशद्वाराशी जी उभारली आहे, ती ही दुसरी कमान. तिच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

आता खेळ कसा असतो, ते पाहू. ऑलिंपिकमध्ये आजवर जे धनुष्य चालत आले, त्याला रिकर्व्ह म्हणतात. त्याची टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात. त्याचे लक्ष्य ७० मीटरवर असते. आर. टी. सी.च्या सहा बसगाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढे अंतर होईल. लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर; परंतु दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. पहिल्या फेरीत प्रत्येकाने ७२ बाण सोडायचे. ७२० पैकी गुण मोजून क्रम लागतो. त्यानंतर एकास एक अशा लढती. तीन-तीन बाणांचा एक डाव, डाव जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक-एक, आणि आधी सहा गुण करील तो विजयी. दुसरे धनुष्य कंपाउंड. त्याच्या टोकांना कप्प्या असतात, दोरी ताणून धरण्याचा भार त्या हलका करतात आणि नेम पाहण्यासाठी भिंग असते. त्याचे लक्ष्य ५० मीटरवर, दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे. लढत १५ बाणांची, दीडशे गुणांची. साधन सोपे म्हणून खेळ सोपा, असा समज मात्र करून घेऊ नये. तेथे दहाऐवजी नऊ गुण पडले तर सामना हातचा जाऊ शकतो.

या खेळात ऑलिंपिकपेक्षाही कठीण असा एक काळ असतो. तो ऑलिंपिकच्या आधीचा, पात्रतेचा. ऑलिंपिकची जागा बहुतेक वेळा खेळाडूला मिळत नाही, देशाला मिळते. एकाने जागा मिळवावी आणि निवड-चाचणीत दुसरा पुढे गेला तर त्याने जावे, असेही घडते. संघाची जागा मिळाली की तिघांना वैयक्तिक स्पर्धेतही उतरता येते. ती हुकली की एखाद-दुसऱ्या सुट्या जागेसाठी धडपड. २०१९च्या जूनमध्ये नेदरलँड्समधील डेन बॉश येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे तरुणदीप राय, अतनू दास आणि प्रवीण जाधव या तिघांनी रौप्यपदक मिळवले आणि त्याबरोबर टोकियोच्या जागाही. महिला संघाला मात्र तेथे जागा मिळाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात बँकॉकला आशिया खंडाची पात्रता स्पर्धा झाली. तिच्यात दीपिका कुमारी पहिली आली आणि अंकिता भकत दुसरी. दोघीही भारताच्याच, पण जागा एका देशाला एकच. संघाची शेवटची संधी २०२१च्या जूनमध्ये पॅरिसला होती. तेथे आपल्या मुली बाद फेरीतील पहिल्याच लढतीत कोलंबियाकडून ०-६ अशा हरल्या. आणि आठवडाभरातच, त्याच पॅरिस शहरात, दीपिका, अंकिता आणि कोमलिका बारी याच तिघींनी विश्वचषकाच्या टप्प्यात सांघिक सुवर्णपदक जिंकले. दीपिकेने तर तेथे तीन सुवर्णपदके घेतली. हात तेच, डोळे तेच, धनुष्येही तीच. फक्त ऑलिंपिकची वेळ टळून गेली होती. परीक्षेच्या दिवशी ताप आलेल्या हुशार मुलाच्या आईबापांना हे दुःख आम्ही समजावून सांगण्याची जरुरी नाही.

१९८८च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये भारताचे धनुर्धर प्रथम उतरले. २०२४च्या पॅरिसपर्यंत त्यांच्या पदरी ऑलिंपिकचे एकही पदक पडले नव्हते. पॅरिसला धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत ही मिश्र जोडी कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचली आणि अमेरिकेकडून हरून चौथी आली. भारताची यापूर्वीची कोणतीही जोडी किंवा संघ इतका पुढे गेलेला नव्हता. विश्वचषकात सुवर्णपदके आणि ऑलिंपिकमध्ये रिकामे हात, हे कोडे पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सोडवले आहे. कोणी म्हणतो मन कच्चे, कोणी म्हणतो वारा अवघड. आम्ही मास्तर असल्यामुळे आमची नजर विद्यार्थ्यावर न जाता शाळेच्या व्यवस्थेवर जाते.

ती व्यवस्था २०१९ साली कशी होती, ते ऐका. राष्ट्रीय संघटनेत दोन गट पडले. दोन्ही गटांनी जून महिन्यात, एकाच दिवशी, एकाने दिल्लीत व दुसऱ्याने चंडीगडला आपापल्या निवडणुका घेतल्या आणि आपापले अध्यक्ष निवडले. जागतिक संघटनेने समज दिली, मुदत दिली. शेवटी ऑगस्टमध्ये भारतीय संघटनेला निलंबित केले. परिणाम कोणाला भोगावा लागला? बँकॉकच्या ज्या स्पर्धेचा आत्ताच उल्लेख केला, तेथे आपले खेळाडू भारताच्या ध्वजाखाली उभे राहू शकले नाहीत. जागतिक संघटनेच्या ध्वजाखाली, तटस्थ म्हणून खेळले. दीपिकेने देशासाठी जागा मिळवली, ती अशी देशाच्या ध्वजावाचून. पुढे जानेवारी २०२० मध्ये नव्याने निवडणूक झाली आणि मगच निलंबन सशर्त उठले. धनुर्धर डोळ्याकडे पाहत होते. झाड सांभाळायचे ज्यांनी पत्करले होते, ते फांदीवरच्या जागेसाठी भांडत होते. संस्थांमध्ये वावरणाऱ्या आपण सर्वांनी हे प्रकरण विसरू नये. खुर्चीवरून निघालेल्या भांडणाचे बिल खेळाडूंच्या नावाने फाटते.

आता दुसरी बाजू पाहू. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यात सरडे नावाचे गाव आहे. वर ज्या प्रवीण जाधवचे नाव घेतले, तो तेथला. आईबाप मोलमजुरी करणारे, घर ओढ्याकाठच्या झोपडीचे. मुलाने शाळा सोडून मजुरीला यावे, अशी घरची परिस्थिती. जिल्हा परिषदेच्या शाळेतील त्याच्या गुरुजींनी त्याला खेळाकडे वळवले. प्रथम धनुष्य नव्हतेच. पळण्यापासून सुरुवात झाली. पण मुलगा अशक्त, सरावातच भोवळ येऊन पडणारा. तेव्हा गुरुजींनी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले. आमच्या मते प्रवीणच्या धनुर्विद्येचा पहिला पाठ हाच होय. त्यानंतर तो महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेथे धनुष्य हाती आले. आणि पुढे पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. टोकियोच्या पहिल्या फेरीत भारताच्या तिघा पुरुषांत त्याचे गुण सर्वांत जास्त, ६५६. वैयक्तिक स्पर्धेत त्याने जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या रशियाच्या गालसान बझारझापोव्हला ६-० असे हरवले. पुढच्याच लढतीत पहिल्या क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनकडून तो तितक्याच गुणांनी हरला. २०२४मध्ये तो पुन्हा ऑलिंपिकला गेला. ओढ्याकाठच्या झोपडीतून दोन ऑलिंपिक! त्या वाटेवर पहिले पाऊल एका प्राथमिक शिक्षकाने टाकायला लावले, हे सांगताना आमची छाती थोडी फुगली तर आपण क्षमा करावी.

सातारा जिल्ह्याचेच दुसरे उदाहरण. साताऱ्यात प्रवीण सावंत नावाचे प्रशिक्षक आहेत, पेशाने पोलीस. त्यांच्या दृष्टी अकादमीची सुरुवात उसाच्या शेतालगतच्या जागेत झाली. तेथे शिकलेली अदिती स्वामी २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. अंतिम लढतीत तिचे गुण १५० पैकी १४९, वय १७ वर्षांचे. त्याच दिवशी, त्याच प्रशिक्षकाकडे शिकलेला नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला, १५० पैकी १५० गुण घेऊन. आदल्या दिवशी अदिती, परनीत कौर आणि विजयवाड्याची ज्योती सुरेखा वेन्नम यांनी सांघिक सुवर्ण मिळवले होते. जागतिक स्पर्धेतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. अदितीचे वडील सरकारी शाळेत शिक्षक. मुलीच्या धनुष्यासाठी त्यांनी कर्ज काढले. कंपाउंड धनुष्याचा सारा सरंजाम लाखांच्या घरात जातो, आणि मास्तराचा पगार किती, ते येथे बसलेल्या मास्तरीणबाईंना विचारावे. ज्या घरात मुलीच्या लग्नासाठी कर्ज निघते, अशी घरे आपण पुष्कळ पाहिली आहेत. मुलीच्या धनुष्यासाठी कर्ज काढणारे घर विरळा.

या साऱ्या यशात एक सल मात्र होती. कंपाउंड प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हता. २०२३च्या हांगझाऊ आशियाई खेळांत भारताने या खेळात पाच सुवर्णपदके घेतली, ती पाचही कंपाउंडची. ओजस आणि ज्योती यांची प्रत्येकी तीन पदके त्यांत मोडतात. तरी ऑलिंपिकचे दार त्यांना बंदच होते. एप्रिल २०२५ मध्ये ते किंचित उघडले. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र जोडी घेण्याचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवले. दार उघडले खरे, पण फटीएवढेच. मिश्र जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. ज्योती, अदिती, परनीत आणि त्यांच्या मागून येणाऱ्या साऱ्या मुलींसाठी मिळून जागा एकच. तीसुद्धा देशाने आधी पात्रता मिळवली तर! आणि मागून येणाऱ्या कमी नाहीत. २०२५ साली कॅनडातील विनिपेग येथे युवकांची जागतिक स्पर्धा झाली. तेथे २१ वर्षांखालील मुलींत कंपाउंडची विजेती ठरली आपल्या तेलंगणाच्या पेद्दपल्ली जिल्ह्यातील चिकिता तनिपर्ती. आणि १८ वर्षांखालील मुलींत रिकर्व्हची विजेती ठरली पुण्याची शर्वरी शेंडे. एक तेलुगू, एक मराठी. आपण कुकटपल्लीकरांनी दोघींचे पेढे वाटायला हरकत नव्हती. विजयवाड्याचा धीरज पुण्याच्या लष्करी संस्थेत तयार होतो आणि साताऱ्याची मुलगी विजयवाड्याच्या मुलीशेजारी उभी राहून सुवर्ण जिंकते. आपण येथे दोन भाषांच्या मधे राहतो, त्याची कधी कधी खंत करतो. या खेळाडूंना त्याची अडचण झालेली दिसत नाही.

आता कोणी विचारील, हे सर्व ठीक. पण आपल्या ट्रस्टने काय करावे? कुकटपल्लीत धनुर्विद्येचे मैदान काढावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. ७० मीटरची मोकळी पट्टी, आणि तिच्यामागे बाण अडवील अशी सुरक्षित जागा, आपल्या वस्तीत सापडणे कठीण. येथे मोकळी जागा दिसली की चार महिन्यांत तिच्यावर पाच मजले चढतात. घराच्या गच्चीवर तर कोणी चुकूनही धनुष्य हाती घेऊ नये, हे आई-वडिलांना आम्ही मुद्दाम सांगून ठेवतो. शिवाय सर्व मुले ऑलिंपिकला जात नाहीत. शंभरांतली नव्याण्णव कधीच जाणार नाहीत. त्यांचे शिक्षण खेळापायी बुडता कामा नये, असे शिक्षक म्हणून आमचे ठाम मत आहे. तथापि तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत, त्या नम्रपणे सुचवतो.

पहिली गोष्ट नजरेची. आपण दर वर्षी टक्केवारी पाहून मुलांना वह्या, पुस्तके आणि फी देतो. यापुढे शिक्षकांकडून गुणपत्रिकेबरोबर आणखी एक चिठ्ठी मागवावी. कोणत्या मुलाच्या हातात, पायांत किंवा डोळ्यांत काही विशेष दिसते आणि तो मूल सकाळी पोटभर खाऊन शाळेत येतो की नाही, एवढेच तीत असावे. सरड्याच्या गुरुजींनी याहून जास्त काही पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट वेळेची. मूल जिंकून आले म्हणजे आपण त्याला शाल आणि श्रीफळ देतो, फोटो काढतो. चांगली रीत आहे. पण त्याला गरज असते ती त्याआधी, चाचणीच्या गावी जायचे रेल्वेचे भाडे, वसतिगृहाची रक्कम आणि साधन यांची. बांबूच्या साध्या धनुष्यावरही राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्या प्रकाराला इंडियन राउंड म्हणतात. सुरुवात तेथून होऊ शकते, आणि अंतरही आरंभी थोडेच लागते. ट्रस्टने एखाद-दुसरा संच घेऊन तो पुस्तकपेढीतील पुस्तकासारखा मुलाकडून मुलाकडे फिरता ठेवावा आणि जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच तो वापरू द्यावा. धनुष्य नको तर पोहण्याचे, धावण्याचे, बुद्धिबळाचे साहित्य घ्यावे, तत्त्व एकच. शाल नंतर द्यावी, शिधा आधी द्यावा.

तिसरी गोष्ट आपल्या आपसातली, आणि ती सर्वांत अवघड. मतभेद प्रत्येक संस्थेत होतात, ते व्हावेतही. पण ज्या मुलाच्या नावाने आपण पैसा गोळा करतो, त्याची चाचणी, त्याची फी किंवा त्याचा प्रवास आपल्या मतभेदांमुळे एक दिवसही अडू नये, असा नियम घटनेत लिहून ठेवावा. हिशेब वेळेवर आणि सर्वांसमोर मांडावा. २०१९ साली जे राष्ट्राच्या पातळीवर घडले, ते लहान प्रमाणात गल्लोगल्लीच्या संस्थांत रोज घडत असते. फरक एवढाच की, त्याची बातमी होत नाही.

आणि आता त्या कमानीकडे वळतो. प्रवेशद्वाराशी उभी केलेली कमान सुंदर आहे. तिच्यावर कष्ट घेतलेल्या तरुण मंडळींचे कौतुक करावे तेवढे थोडे. उद्या सकाळी ती उतरवली जाईल. पुढच्या महोत्सवाला तितकीच सुंदर कमान अवश्य उभी करा. पण तिच्या खर्चाइतकीच रक्कम दर वर्षी दुसऱ्या कमानीसाठी, मुलाच्या हातातल्या कमानीसाठी, वेगळी काढून ठेवण्याचा ठराव आज या सभेने करावा, अशी आमची विनंती आहे. तो मंजूर झाला तर पहिली वर्गणी म्हणून आमचे एका महिन्याचे शिकवणीचे उत्पन्न आम्ही खजिनदारांच्या हवाली करू. रक्कम लहान आहे. पण पावती मात्र आम्ही मागून घेणार आहोत, हिशेबाविषयी एवढे बोलल्यानंतर तेवढे भाग आहे.

ठराव अध्यक्षांनी मांडावा.